दोराचं वरचं टोक

गावच्या विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला विचारा, पहिल्या दिवशीचं काय आठवतं? पाणी किती खोल होतं, किती गार होतं, हे तो सांगणार नाही. कमरेला बांधलेला दोर आणि काठावर उभा असलेला काका मात्र हमखास आठवतील. काका दोर कसा धरतो यावर सगळं असायचं. फार ताणून धरला तर पोरगं हातपायच मारायचं नाही, नुसतं लोंबकळत राहायचं. फार सैल सोडला तर नाकातोंडात पाणी. काका गप्पांत रंगला, तर पोरगं दोन-चार गटांगळ्या खाऊन, ठसका लागून, रडत-ओरडत वर यायचं. पण यायचं. कारण विहिरीला वरून झाकण नसतं.

या लेखातल्या पाण्याला झाकण आहे.

तुमच्यापैकी काही जणांनी मालवणला किंवा तारकर्लीला स्कूबा केलं असेल. दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात, गाईडनं टाकी धरलेली, समोर कॅमेरा, आजूबाजूला मासे. मनात कुठेतरी एक खात्री असते, की काही बिनसलं तर वर जायचं. शंभर-दीडशे वर्षांत पाण्याखाली जाण्याची जी काही विद्या माणसानं कमावली, तिच्या तळाशी हीच खात्री आहे. वर हवा आहे. बर्फाखाली मात्र वर गेलं की डोकं आपटतं. हवा असते फक्त एका भोकाच्या जागी, आणि ते भोक तुम्ही उतरला होतात तिथेच राहिलेलं असतं. तुम्ही कुठे आहात, हा वेगळा प्रश्न.

बर्फाखाली जाणाऱ्यांना शिकवायचं काय, हे या प्रश्नातून ठरत गेलं. त्याला बरीच वर्षं लागली आणि काही जीव गेले.

०००

१९०१ साली एरिक फॉन ड्रिगाल्स्की या भूगोलतज्ज्ञाच्या नेतृत्वाखाली जर्मनीची अंटार्क्टिका मोहीम निघाली. जहाजाचं नाव 'गाउस', त्याच नावाच्या थोर गणितज्ञावरून ठेवलेलं. फेब्रुवारी १९०२ मध्ये हे जहाज बर्फात अडकलं, ते जवळजवळ वर्षभर तसंच राहिलं. (सुटलं कसं, ही एक गंमतच आहे. काळी वस्तू उन्हात लवकर तापते एवढं ध्यानात घेऊन त्यांनी जहाजापासून पुढे बर्फावर राख आणि कचरा यांचा पट्टा पसरला. त्या पट्ट्याखालचा बर्फ आधी वितळला आणि वाट मोकळी व्हायला मदत झाली.) अडकलेल्या काळात जहाजाच्या लाकडी सांध्यांतून पाणी झिरपू लागलं. सांधे बुजवायचे तर बाहेरून बुजवायला हवेत, म्हणजे पाण्यात उतरायला हवं. जहाजावरचा सुतार विली हाइनरिश १६ एप्रिल १९०२ रोजी उतरला. अंटार्क्टिकाच्या पाण्यात माणूस बुडी मारून काम करून आला, त्याची नोंद असलेली ही पहिली वेळ.

म्हणजे बर्फाळ समुद्रातला पहिला पाणबुड्या ना शास्त्रज्ञ होता ना साहसवीर. गळती थांबवायला गेलेला सुतार होता.

त्याच्या काळचं सामान कसं असायचं? रबर लावलेल्या जाड कापडाचा पोशाख, तांब्याचं भलंमोठं शिरस्त्राण, शिशाचे बूट. शिरस्त्राणाला जोडलेली नळी वर जहाजावर जायची आणि तिथे माणसं हातपंप फिरवत हवा पाठवायची. १८३० च्या दशकात लंडनमध्ये ऑगस्टस झीबे यानं हा पोशाख पक्का केला आणि पुढची शंभर वर्षं तो थोड्याफार फरकानं तसाच राहिला. वजनदार, अवघड, चार पावलं चालताना घाम काढणारा. पण त्यात एक गोष्ट आपोआप साधलेली होती. खालचा माणूस वरच्यांशी नळीनं आणि दोरानं बांधलेला असे. वरच्यांनी पंप थांबवला तर तो मेलाच. त्यामुळे वरच्यांना दुसरीकडे बघायची सोयच नव्हती. त्या पाणबुड्याला एकट्यानं हरवणं जवळपास अशक्य होतं.

मग १९४३ साली फ्रान्समध्ये जाक-इव्ह कुस्तो हा नौदल अधिकारी आणि एमिल गान्यां हा इंजिनियर, या दोघांनी नळी कापली. श्वास घ्याल तेवढीच हवा सोडणारी झडप त्यांनी बनवली आणि हवेची टाकी माणसाच्या पाठीवर गेली. स्कूबाचं युग सुरू झालं. माणूस माशासारखा मोकळा झाला, असं तेव्हा सगळे म्हणत. खरंच होतं ते. फक्त बर्फाखाली हा मोकळेपणा कितपत परवडतो, हे कुणी तपासलं नव्हतं.

अमेरिकी नौदलाच्या ऑपरेशन हायजंप या मोहिमेत, १ जानेवारी १९४७ ला दोन पाणबुडे अंटार्क्टिकात उतरले. त्यांच्याकडे ऑक्सिजनवर चालणारी, सोडलेला श्वास पुन्हा शुद्ध करून देणारी यंत्रं होती. पुढच्या दशकात टाकीवाले आले. आणि १९६० च्या सुमारास आले शास्त्रज्ञ, ज्यांना खाली जाऊन नुसतं परत यायचं नव्हतं, तिथे थांबून काहीतरी बघायचं होतं.

०००

रॉस समुद्राच्या टोकाला मॅकमर्डो साउंड आहे. तिथे समुद्रावर दोन-दोन मीटर जाडीचा बर्फ धरतो. खालच्या पाण्याचं तापमान उणे १.८ अंशांच्या आसपास असतं. खारट असल्यामुळे ते गोठत नाही इतकंच. १९६१-६२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रकल्पातला व्हर्न पेकहॅम इथे पस्तीस वेळा उतरला. बर्फावर त्याच्यासाठी कधीकधी उभे असत आर्थर डेव्हरिस आणि जेरी कूयमन. दोघंही तेव्हा तरुण. डेव्हरिसनं पुढे या पाण्यातल्या माशांचं रक्त का गोठत नाही ते शोधलं. माशांच्या अंगात बर्फाचे कण वाढू न देणारी प्रथिनं असतात. कूयमन सीलच्या मागे लागला.

कूयमनचं एक काम इथे सांगायलाच हवं. वेडेल सील पाण्याखाली किती वेळ आणि किती खोल जातात, हे त्याला मोजायचं होतं. सीलच्या पाठीवर बांधायला यंत्र हवं, तर त्यानं स्वयंपाकघरातला एक तासाचा टायमर घेऊन त्यातून यंत्र बनवलं. आता यंत्र परत मिळायचं कसं? त्यानं दुसऱ्या भेगा आणि भोकं जवळपास नाहीत अशा जागी बर्फाला एकच भोक पाडलं आणि सीलला तिथून सोडलं. कुठेही गेला तरी श्वास घ्यायला त्याला याच भोकाशी यावं लागणार. आणि तो यायचा. सीलला ते जन्मजात येतं. त्याच भोकातून उतरणाऱ्या माणसाला ते शिकवावं लागतं.

पॉल डेटन हा आणखी एक. त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी १९६० च्या दशकात मॅकमर्डोच्या तळाशी वर्षानुवर्षं बुड्या मारून तिथल्या स्पंजांची, समुद्रताऱ्यांची मोजदाद केली. समुद्राच्या तळावरच बर्फ धरतो, वाढतो, आणि एक दिवस तळावरचे प्राणी घेऊन सुटून वर जातो, हे या मंडळींनी डोळ्यांनी पाहिलं आणि १९६९ साली लिहून प्रसिद्ध केलं. जाळं टाकून, गळ टाकून हे कळलं नसतं. माणसानं बर्फाखाली जायचंच कशाला, असं कुणी विचारलं तर माझ्यापुरतं हे उत्तर पुरेसं आहे.

मॅकमर्डोची एक गोष्ट मात्र माझ्या सगळ्या दोर-पुराणाला छेद देणारी आहे. वेर्नर हर्त्झोगचा २००७ चा अंटार्क्टिकावरचा माहितीपट पाहिला असेल तर आठवेल. त्यात पाणबुडे बर्फाखाली चक्क विनादोर फिरताना दिसतात. तिथली परिस्थितीच तशी आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, पाण्यात सूक्ष्म वनस्पती वाढण्याआधी, तिथलं पाणी इतकं नितळ असतं की शेकडो फुटांवरचं दिसतं. प्रवाह नसेल तर भोकातून एकच जाड दोर खाली सोडतात, त्याला झेंडे आणि लुकलुकते दिवे लावतात, आणि तो दिवा दिसेल इतक्याच अंतरात फिरतात. पण ही मोकळीक कुणालाही मिळत नाही. अमेरिकेच्या अंटार्क्टिक कार्यक्रमात बुडी मारायची तर आधी वर्षभराचा परवाना, नोंदवलेल्या पन्नास बुड्या, त्यातल्या पंधरा ड्रायसूटमधल्या, असा हिशेब दाखवावा लागतो. आणि तरीही पाणी गढूळ झालं, प्रवाह आला, की दोर परत कमरेला येतो.

०००

ड्रायसूट हा शब्द आला, तर तिकडून जरा जाऊन येऊ.

मालवणला अंगाला चिकटणारा रबरी पोशाख देतात. तो भिजतो, आत पाण्याचा पातळ थर राहतो आणि अंगाच्या उबेनं कोमट होतो. उणे तापमानाच्या पाण्यात त्यानं भागत नाही. तिथे गळ्यापासून पायापर्यंत कोरडा राहणारा सूट लागतो. आत लोकरीचे कपडे घालतात आणि सूटमध्ये हवा भरता येते. ही हवा ऊबही देते आणि तरंगवतेही. खोल गेलात की दाबानं ती आकसते, तुम्ही जड होता आणि आणखी वेगानं खाली जायला लागता, म्हणून थोडी हवा सूटमध्ये सोडायची. वर येताना ती फुगते, म्हणून थोडी बाहेर काढायची. हे वेळेवर जमलं नाही तर माणूस फुग्यासारखा वर जाऊन बर्फाच्या छताला चिकटतो, कधी पाय वर, डोकं खाली असा.

एप्रिल १९७५ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स कॅनडाच्या उत्तर टोकाला, रेझोल्यूट बे इथे गेले होते. डॉ. जो मॅकिनिस या कॅनडियन पाणबुड्या-डॉक्टरबरोबर ते बर्फाखाली अर्धा तास जाऊन आले. वर आल्यावर त्यांनी सूटमध्ये हवा भरून अंग ढोलासारखं फुगवलं आणि जमलेल्या छायाचित्रकारांना हसवलं. तो फोटो जगभर छापला गेला. ज्याला लोक हसले, तीच गोष्ट पाण्याखाली झाली असती तर काय, हे मॅकिनिसना नक्कीच ठाऊक होतं. म्हणून नवख्या माणसाला आधी साध्या तलावात, झाकण नसलेल्या पाण्यात, मुद्दाम उलटं करायला लावतात. गुडघे पोटाशी घे, कोलांटी मार, सरळ हो. पुन्हा. पुन्हा. कंटाळा येईपर्यंत.

दुसरं संकट हवेच्या टाकीच्या तोंडाशी बसलेलं असतं. सायकलच्या ट्यूबची हवा सोडताना बोट लावून बघा, गार लागते. दाबातून सुटणारी हवा थंड होते. पाणबुड्याच्या टाकीत सुमारे दोनशे पट दाबानं भरलेली हवा रेग्युलेटरमधून सुटते, तेव्हा तीही अशीच, पण फार जास्त थंड होते. आजूबाजूचं पाणी आधीच गोठण्याच्या काठावर. रेग्युलेटरच्या आत ओलाव्याचा एक थेंब जरी असला तरी त्याचा बर्फ होऊन झडप अडकते. बंद नाही, उघडी अडकते. हवा धो-धो सुटायला लागते, तोंडासमोर बुडबुड्यांचा पडदा येतो, आणि टाकी काही मिनिटांत रिकामी.

यावरचे उपाय ऐकायला अगदी साधे आहेत. रेग्युलेटर कोरडा आणि उबेत ठेवा. बाहेरच्या उणे वीसमध्ये त्यातून उगाच श्वास घेऊन बघू नका, तुमच्या श्वासातली वाफच आत गोठेल. पाण्यात डोकं गेल्यावरच पहिला श्वास घ्या. श्वास घेणं आणि सूटमध्ये हवा भरणं एकाच वेळी करू नका. टाकीला दोन वेगळे रेग्युलेटर लावा, म्हणजे एक बिघडला तर त्याची झडप बंद करून दुसरा तोंडात घेता येईल. हे सगळं दहा मिनिटांत पाठ होतं. अवघड असतं ते जाड हातमोजे घातलेल्या बधिर बोटांनी, डोळ्यांपुढे बुडबुड्यांचा गोंधळ असताना, डोक्याच्या मागची झडप चाचपडून फिरवणं. त्याला एकच औषध, आधी शंभरदा केलेलं असणं.

हवेच्या हिशेबाचा नियम गुहेत बुड्या मारणाऱ्यांकडून आला. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश अडीअडचणीला. अमेरिकेतल्या फ्लोरिडात गुहांत सतत माणसं मरत होती. शेक एक्सली नावाच्या पाणबुड्यानं त्या मृत्यूंचा एकेक करून अभ्यास केला, काय चुकलं ते मांडलं, आणि १९७९ साली त्यावर एक छोटं पुस्तक काढलं. प्रत्येक प्रकरणाची सुरुवात एखाद्या दुर्घटनेनं. परतीचा सलग दोर नव्हता, हवेचा हिशेब नव्हता, झेपेल त्यापेक्षा खोल गेले, हीच कारणं पुन्हा पुन्हा. गुहा आणि बर्फ यांत फरक पुष्कळ, पण डोक्यावर छत दोन्हीकडे.

०००

आता दोर. बर्फाखाली उतरण्याच्या आजच्या कुठल्याही शिक्षणात सगळ्यात जास्त वेळ पाण्यात जात नाही, बर्फावर जातो, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं होतं.

आधी बर्फाची जाडी मोजायची. मग वरचा हिम फावड्यानं बाजूला करून भोकाची जागा ठरवायची. भोक बहुतेक वेळा त्रिकोणी कापतात. कोपऱ्यात दोन्ही बाजूंना हात टेकता येतात, त्यामुळे जड सामानासकट बाहेर निघणं सोपं जातं. भोकाभोवती हिमात फावड्यानं गोल कडी काढतात आणि त्यांना भोकाकडे येणाऱ्या रेषा, सायकलच्या चाकाच्या तारांसारख्या. जिथला हिम काढला तिथून उजेड खाली जातो. खालून वर पाहणाऱ्याला त्या रेषा उजळलेल्या दिसतात आणि कुठलीही धरली तरी ती भोकाशी नेते. काम संपल्यावर भोकावर खूण ठेवून मगच निघायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी कुणीतरी चालताचालता आत जाईल.

मग माणसं वाटायची. एक किंवा दोन जण खाली. त्यांच्या दोराचं वरचं टोक धरणारा प्रत्येकी एक जण. आणि एक जण पूर्ण तयार, सूट घातलेला, टाकी लावलेला, पण न उतरलेला, बर्फावर बसलेला. त्याचं काम एकच, वेळ आली तर उतरणं. सगळं नीट झालं तर तो दिवसभर थंडीत नुसता बसून घरी जातो.

दोर धरणाऱ्याला इंग्रजीत 'टेंडर' म्हणतात. आपल्याकडे या शब्दाला भलताच वास आहे, तेव्हा तो सोडून देऊ. त्याची भाषा झटक्यांची. अमेरिकी नौदलाच्या पुस्तकात ती ठरवून दिलेली आहे. खालून एक झटका, मी ठीक आहे. दोन, ढील दे. तीन, ओढून घे. चार, मला वर काढ. संक्रांतीला पतंग उडवलेल्या कुणालाही ही भाषा अर्धी येते. मांजा बोटावरून सुटतोय तो वाऱ्यानं की पेच लागल्यामुळे, हे बोटाला कळतं. पण ते कळायला आधी चार पतंग गमवावे लागतात.

आणि दोर सुटलाच तर? खालच्यानं भोक शोधत फिरायचं नाही. सरळ वर जाऊन बर्फाच्या छताला टेकायचं, सुरी किंवा बर्फाचा स्क्रू रोवून जागेवर थांबायचं. मग तो बसून राहिलेला माणूस उतरतो. त्याचा दोर जास्त लांब असतो. तो छताला लागून, हरवलेल्याच्या अंदाजे जागेपलीकडे जातो आणि दोर ताणून वर्तुळात फिरतो. घड्याळाच्या काट्यासारखा तो दोर फिरत येतो आणि थांबलेल्या माणसाला लागतो. थांबलेला असेल तरच. घाबरून इकडेतिकडे पोहत असेल तर दोर त्याच्या खालून किंवा मागून निघून जाऊ शकतो. श्वास मोजत, अंधारात, एका जागी थांबणं हा या शिक्षणातला सगळ्यात कठीण धडा असावा, असं मला वाटतं.

०००

हे सगळे नियम माहीत असलेल्या देशात, हे नियम छापलेल्या पुस्तकाच्या आधारे चालणाऱ्या दलात, १७ ऑगस्ट २००६ चा दिवस उगवला.

'हीली' हे अमेरिकेच्या कोस्ट गार्डचं बर्फफोडं जहाज. चारशे वीस फूट लांब, शास्त्रज्ञांना घेऊन आर्क्टिकमध्ये फिरणारं. त्या दिवशी ते अलास्काच्या उत्तर टोकापासून सुमारे पाचशे मैलांवर बर्फात थांबलं होतं. खलाशांना दोन घटका बर्फावर उतरायची मुभा मिळाली. काही जण फुटबॉल खेळू लागले, थोडी बिअर होती. अनेक आठवडे जहाजाच्या पोटात काढलेल्या माणसांचा आनंद समजण्यासारखा आहे.

त्याच वेळी जहाजाच्या नाळेजवळच्या मोकळ्या पाण्यात तिघांनी सरावाची बुडी मारायचं ठरवलं. लेफ्टनंट जेसिका हिल, वय ३१. स्टीव्हन ड्यूक, वय २२. आणि आणखी एक जण. थंड पाण्याची सवय व्हावी एवढाच हेतू. बेत होता फक्त वीस फूट खोल आणि वीस मिनिटं. तिसऱ्याच्या सामानात बिघाड झाला आणि तो बाहेर पडला. म्हणजे आता हाताशी तयार बसलेला माणूस उरला नाही. हिल या स्वतःच जहाजाच्या बुडी-अधिकारी. वर उभं राहून देखरेख करायची जबाबदारी ज्यांची, त्याच पाण्यात होत्या. दोघांनाही अशा पाण्याचा, बर्फाचा पुरेसा अनुभव नव्हता. कोस्ट गार्डचे पाणबुडे शिकत ते फ्लोरिडात, पनामा सिटीच्या नौदल शाळेत. आणि बुड्या मारणं हे त्यांचं मुख्य काम नसे, जहाजावरच्या रोजच्या कामावर वाढवून दिलेलं काम असे.

दोघांनी अंगावर जवळपास साठ-साठ पौंड, म्हणजे सत्तावीस किलोंच्या आसपास वजन घेतलं होतं. ड्रायसूटमधल्या हवेमुळे माणूस तरंगतो, म्हणून शिसं घ्यावंच लागतं. पण इतकं नाही. दोघं उतरले आणि खाली जात राहिले. दोराची वरची टोकं जहाजावरच्याच माणसांच्या हातात होती, ज्यांना हे काम कधी शिकवलेलं नव्हतं. उतरण्याआधी थोडं सांगितलं होतं, तेवढंच.

दोर खाली जात होता. ते देत राहिले.

इथे मी पुन्हा पुन्हा थांबतो. बुडणाऱ्या माणसाच्या वजनानं दोर जातो आणि पोहणाऱ्या माणसाच्या ओढीनंही जातो. न शिकलेल्या हाताला दोन्ही सारखंच लागतं. खालचा जाणकार आहे, आपण नाही, तो मागतोय तर द्यावं, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं असतं. वीस फुटांची बुडी असेल तर वीस फुटांनंतर दोर घट्ट धरायचा, दोरावर तशी खूण बांधायची, हे सांगायला बर्फावर कुणी नव्हतं.

दोघंही एकशे ऐंशी फुटांपेक्षा खोल गेले होते. त्या खोलीवर दाब पृष्ठभागाच्या सहापटीहून अधिक असतो, म्हणजे प्रत्येक श्वासाला हवाही तितक्या पटीनं लागते. वीस फुटांवर वीस मिनिटं सहज पुरणारी टाकी तिथे बघता बघता संपते. किती दोर गेलाय हे अखेर लक्षात आलं तेव्हा दोघांना ओढून वर काढलं. जहाजावर त्यांना जगवायचे प्रयत्न झाले. उपयोग झाला नाही.

चौकशीचा अहवाल जानेवारी २००७ मध्ये आला. त्यात एकट्यादुकट्याला दोषी धरून विषय संपवलेला नाही, हे त्याचं वेगळेपण. बुडी मारणाऱ्यांच्या चुका, जहाजावरच्या वरिष्ठांच्या चुका आणि खुद्द कोस्ट गार्डच्या चुका, असे तिन्ही थर त्यात आहेत. कप्तानाला पदावरून हटवलं गेलं. पण माझ्या मते अहवालाचं खरं वजन तिसऱ्या थरात आहे. जे काम वर्षातून क्वचित करायचं, ते जोडकाम म्हणून कुणाच्याही माथी मारायचं, त्याची तपासणी करायची नाही, आणि मग त्यांनी ते पृथ्वीच्या टोकावर बिनचूक करावं अशी अपेक्षा ठेवायची. सरकारी कचेरीत, कारखान्यात, नगरपालिकेच्या मॅनहोलशी हे आपण पाहिलेलं आहे. तिथेही वरचा माणूस दोर धरून उभा असतो, नसला तर नसतो.

पुढच्या काळात कोस्ट गार्डनं ठिकठिकाणच्या जहाजांवर विखुरलेले पाणबुडे एकत्र आणून त्यांच्या स्वतंत्र तुकड्या केल्या. जोडकाम असलेली बुडी २०१५ च्या सुमारास पूर्णवेळ पेशा झाली. आणि बर्फाखालच्या बुडीचं शिक्षण प्रत्यक्ष बर्फावर दिलं जातं.

अलीकडच्या हिवाळ्यांत हे शिक्षण मिनेसोटा राज्यात कॅम्प रिपली या लष्करी तळावर झालं आहे. तिथे फेरेल नावाचं तळं आहे. आर्क्टिक नाही, साधं गोड्या पाण्याचं तळं, जानेवारी-फेब्रुवारीत वरून दगडासारखं गोठलेलं. नौदल आणि कोस्ट गार्डचे पाणबुडे एकत्र येतात, करवतीनं भोक कापतात, ड्रायसूट चढवतात. अशा शिक्षणात प्रत्येकाला आळीपाळीनं सगळ्या जागा घ्याव्या लागतात. आज खाली गेलेला उद्या वर दोर धरतो, परवा सूट घालून नुसता बसतो. कितीही बुड्या मारलेल्या असोत, दोर धरायला पहिल्यापासून शिकावं लागतं. दोर हातात कसा घ्यायचा, जास्तीचा दोर पायाशी कसा रचायचा म्हणजे गुंता होत नाही, किती गेला ते मनात कसं मोजायचं, बोलणारा कुणी शेजारी आला तर त्याच्याकडे न बघता उत्तर कसं द्यायचं.

मधूनमधून वरचा एक झटका देतो. ठीक आहेस का? मग तो थांबतो, दोर बोटांत हलका धरून, खालून एक झटका येईपर्यंत.